डव्ह कॉटेज दगडी घर आहे म्हणतात, मग फोटोत भिंती पांढऱ्या कशा?

पांढरेपणा चुन्याचा आहे, आत दगडच. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रासमियरला असलेलं हे घर १७व्या शतकाच्या सुरुवातीचं. भिंती तिथल्याच ओबडधोबड दगडाच्या, त्यावर चुन्याचा हात. तो नुसता शोभेचा नाही. त्या भागात पाऊस प्रचंड पडतो. चुना पावसाचा मारा झेलतो आणि भिंतीत मुरलेली ओल बाहेरही पडू देतो. अशा भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आतच कोंडते, जुन्या घरांचं फार नुकसान होतं त्याने. छप्पर स्लेटच्या पाट्यांचं.

पण मला विचाराल तर खरी गंमत आत आहे. आधी ही सराई होती. डिसेंबर १७९९ मध्ये कवी वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी इथे राहायला आले, १८०८ पर्यंत राहिले. तळमजल्यावर स्लेटची फरशी, भिंतींना ओकच्या गडद फळ्या, त्यामुळे दिवसाही अंधारच. कोठीच्या खोलीत फरशीखालून झरा वाहतो, त्याच्या गारव्यात खाण्याचे पदार्थ टिकायचे. घर बांधणाऱ्यांची ही युक्ती मला फार आवडते.

वरची एक ठेंगणी खोली मात्र इतकी थंड, की डोरोथीने तिच्या भिंतींना चक्क वर्तमानपत्रं चिकटवली.

घर १८९१ पासून लोकांसाठी खुलं आहे. गेलात तर ती कोठीची खोली चुकवू नका.