सोनकी रंगवायचीय? मग हे वाच
नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरची सोनकी, म्हणजे ती पिवळी रानफुलं, वॉटरकलरमध्ये काढायचीय ना, मग कागद आधी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घे, साध्या ड्रॉइंग वहीचा पाण्याने फुगतो आणि मग आपण रंगांना नावं ठेवत बसतो. आकाश ओल्या कागदावर. डोंगराला अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एकदम फिका मार आणि पूर्ण वाळू दे, पावसाळी हवेत वेळ लागतो, हेअर ड्रायर चालतो की. फुलांची एकेक पाकळी काढत बसू नकोस प्लीज! लांबची म्हणजे नुसते पिवळे ठिपके, पुढची चार-पाचच नीट काढ, आणि पिवळा आधी लावून हिरवा त्याच्या भोवतीने फिरव, कारण वॉटरकलर पारदर्शक असतो, हिरव्यावर पिवळा टाकलास की गायबच होतो. राहिलंच एखादं फूल तर पिवळ्यात पांढरा पोस्टर कलर मिसळून दे ठोकून, कोण बघतंय.