मेळघाटचा उन्हाळा : वाचकांचे प्रश्न

होळी झाली की सातपुड्याच्या गाविलगड रांगेतून आणि तिच्या पायथ्याच्या गावांतून पत्रं सुरू होतात. विचारणारा शिक्षक असो की बागायतदार, प्रत्येकाला उन्हाळा आपल्या गावापुरता हवा असतो, आणि अंदाज मात्र अख्ख्या विदर्भाचा येतो. या वेळची निवडक पत्रं घेतली आहेत.

हंगामी अंदाजाच्या नकाशात विदर्भ गडद तांबडा दिसला, की आमच्या मेळघाटातही तेवढंच तापणार असं समजायचं का? (शिक्षक, धारणी)

आधी तो नकाशा काय सांगतो ते पाहू. हवामान खातं फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे आणि मार्चच्या अखेरीस एप्रिल ते जून असा अंदाज देतं. तो शक्यतेचा नकाशा असतो. मागच्या अनेक वर्षांची तापमानं चढत्या क्रमाने मांडून त्यांचे तीन सारखे भाग करतात : कमी, सरासरीइतकी आणि जास्त. हाताशी काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. ‘जास्त’ची शक्यता समजा ५५ झाली तर रंग गडद होतो, पण उरलेले ४५ टक्के कुठे जात नाहीत. शिवाय गडद रंग म्हणजे पारा फार चढणार असंही नाही. सरासरीहून अर्धा अंश जास्त असला तरी वर्ष ‘जास्त’मध्येच जाऊ शकतं.

आता डोंगर. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे आणि अचलपूर-परतवाडा त्याहून सातशे मीटर खाली. भर दुपारी तापलेली कोरडी हवा वर चढताना दर हजार मीटरला नऊ-दहा अंशांनी निवते. म्हणून खाली ४४ असेल तर वर ३७-३८. धारणीचं तसं नाही. तालुका मेळघाटातला असला तरी गाव तापीकडच्या सखल भागात, डोंगरांच्या वेढ्यात आहे. दुपारी तुम्हाला चिखलदऱ्याचा हिशोब लागू पडत नाही, मैदानाचाच लागतो. शाळेची वेळ सकाळची करायची का, हे ठरवताना ‘आपण डोंगरात राहतो’ हा विचार कृपा करून बाजूला ठेवा. मुलं याच समजुतीपायी उन्हात हिंडतात.

उष्णतेची लाट ठरवायचा निकषही सांगून ठेवतो. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० आणि डोंगरी भागात किमान ३० असलं पाहिजे, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. सपाटीवर पारा ४५ ला पोचला तर सरासरी न पाहताही लाट धरतात.

मे महिन्यात लहान मुलांना घेऊन चिखलदऱ्याला यायचं आहे. महाबळेश्वरसारखं वाटेल का? (गृहिणी, पुणे)

नाही वाटणार. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे आणि तिथून समुद्र जवळ. चिखलदऱ्यापासून अरबी समुद्र चारशे किलोमीटरहून दूर, म्हणून मेमधली दुपार कोरडी आणि कडक. पहाटे आणि संध्याकाळी मात्र खरंच सुख आहे. अकरा ते चार मुलांना सावलीत ठेवा आणि पाणी बरोबर बाळगा. घाटात वाटेवर ते मिळेलच असं नाही.

मृग बहारासाठी संत्र्याची बाग ताणावर सोडली आहे. मेमध्ये अवकाळी पडला तर? आधी कळेल का? (बागायतदार, चांदूर बाजार)

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण यात वर्षाची कमाई गुंतलेली आहे. मृग बहार म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा फुलोरा, आणि ताण म्हणजे त्याआधी झाडांचं पाणी तोडणं. ताणाच्या ऐन भरात चांगला पाऊस झाला तर ताण मोडतो, फूट अवेळी येते आणि बहार मागेपुढे होतो.

उन्हाळी पावसाचं गणित असं. वायव्येकडून कोरडा तापलेला वारा येतो, बंगालच्या उपसागरावरून दमट. दोन्ही जिथे भिडतात तिथे विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटकापर्यंत वादळी ढगांना पोषक असा एक पट्टा तयार होतो. त्या दिवसांत डोंगराचा उतार दुपारी तापतो, हवा उतारावरून वर चढते आणि दोन-तीनच्या सुमारास गाविलगडच्या माथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात. वरच्या थरातला वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून असा ढग पूर्वेकडे, तुमच्याकडे आणि पुढे मोर्शी-वरूडकडे सरकण्याचा संभव अधिक. गारांचा धोका फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जास्त. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातला शेतकरी विसरलेला नाही. मेमध्ये खालची हवा इतकी तापते की बऱ्याच गारा जमिनीवर पोचण्याआधीच विरघळतात, पण वादळी वारा उरतोच.

कोणत्या तारखेला पाऊस पडेल हे महिनाभर आधी कुणीही सांगू शकत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज फक्त कल दाखवतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी सल्ला पुढच्या पाच दिवसांचा असतो, आणि निर्णय त्यावर घ्यावा. त्या दिवशीच्या वादळासाठी नागपूर केंद्राचा तीन तासांचा इशारा पाहा. भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते, तेव्हा बांधावरचे चर आताच मोकळे करा, म्हणजे आलेलं पाणी बागेत थांबणार नाही.

मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जातो. ढगाळ वातावरण असेल तर काय पाहावं? (सेमाडोह परिसर)

पहाटे धोका कमी असतो, खरा धोका दुपारनंतर. वीज कडाडताना मोहाच्या झाडाखाली थांबू नका, उंच एकटं झाड वीज आधी ओढतं. मोबाइलला रेंज असेल तिथे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. गडगडाट थांबल्यावर अर्धा तास तरी घरातच राहा. फुलं वाळत घातली असतील तर आभाळ भरून येताच झाका, भिजली की काळी पडतात.

एक कळकळीची विनंती. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवू नका. सागाची पानं या दिवसांत पापडासारखी वाळलेली असतात, आणि दुपारी वारा उताराने वर सुटला की जाळ त्याच्याबरोबर चढतो. झाडून घ्यायला वेळ लागतो हे मला कळतं, तरीही झाडूनच घ्या.

नवतपा चांगला तापला की पाऊस चांगला होतो, हे खरं का? (वाचक, अंजनगाव सुर्जी)

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, तिथून नऊ दिवस नवतपा. जमीन तापणं मोसमी वाऱ्यांना हवंच असतं, पण ती अख्ख्या उपखंडाची, दोन-तीन महिन्यांची गोष्ट आहे. अंजनगावचे नऊ दिवस त्यात फारच थोडे. पावसाचा अंदाज हवामान खातं एप्रिलच्या मध्यास देतं आणि मेअखेर सुधारतं. त्यात एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याचा, विचार असतो. एल निनोच्या हिवाळ्यानंतर येणारा उन्हाळा बहुधा अधिक तापतो, २०१६ आणि २०२४ मध्ये ते दिसलं.

पाऊस केरळात १ जूनच्या आसपास आणि आपल्याकडे साधारण जूनच्या मध्यास पोचतो. त्याआधीच्या वळवाच्या एखाद्या जोरदार सरीने माती वरवर भिजते, आणि लोक तिफण काढतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर जाईपर्यंत बियाण्याची पिशवी फोडू नका.