आयटीआय झाली, आता पालिकेत शिरायचं कसं?

महापालिका आणि नगरपालिकांतल्या तांत्रिक कामांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, मलनिःसारण, वाहन कार्यशाळा, उद्यान अशा खात्यांत वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), नळ कारागीर (प्लंबर), जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर), पंप ऑपरेटर लागतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या नियमांना धरून आहेत.

प्रश्न : मी यंदा वीजतंत्री ट्रेड पास झालो. महापालिकेत अप्रेंटिस म्हणून लागलं की वर्षानंतर कायम करून घेतात, असं मित्र सांगतो. खरं का? — एक वाचक, नाशिक

नाही. ही समजूत घेऊन आत गेलेली मुलं वर्ष संपताना हातात काहीच नाही म्हणून खचतात, म्हणून हे आधी स्पष्ट करतो. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ च्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. कलम २२ प्रमाणे त्याला पुढे नोकरी देण्याचं बंधन आस्थापनेवर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेनं अशा उमेदवारांच्या भरतीचं आपलं धोरण ठरवायचं आहे, एवढंच. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बाकी सगळं समान असेल तर बाहेरच्या उमेदवाराआधी प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला पसंती द्यावी. त्या निकालाच्या नावावर बऱ्याच जणांच्या आशा टांगलेल्या असतात. पण ‘बाकी सगळं समान’ ही अट नीट वाचा. परीक्षा, गुण आणि आरक्षण यांतून कुणाची सुटका नाही.

मग वर्ष घालवायचं कशाला? कारण शेवटी परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. काही जाहिरातींत ते अटीतच असतं, काहींत त्याला प्राधान्य असतं. शिवाय शहराची यंत्रणा आतून दिसते. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पाच अश्वशक्तीची मोटर जोडलेला मुलगा इथे शेकडो अश्वशक्तीच्या पंपासमोर उभा राहतो. विद्यावेतन २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय प्रमाणपत्रधारकाला दरमहा किमान ७,००० रुपये ठरलं होतं. नंतरचे बदल आणि त्या पालिकेचा आकडा जाहिरातीत पाहा, कारण किमान दरापेक्षा जास्त द्यायला पालिकेला मोकळीक आहे. खोलीचं भाडं आणि खाणावळ यात भागेल का, हे गाव सोडण्याआधी घरात बसून मांडा.

प्रश्न : जागा नेमक्या कुठे निघतात? पोर्टलवर नाव नोंदवलं, पण अर्ज पुढे सरकत नाही. — एक वाचक, लातूर

आयटीआयवाल्यांसाठी केंद्र सरकारचं अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टल, पदविका आणि पदवीवाल्यांसाठी नॅट्स पोर्टल. दोन्ही वेगळी आहेत. चुकीच्या पोर्टलवर नोंदणी करून महिनोन्महिने वाट पाहणारे बरेच आहेत. याशिवाय पालिकेचं स्वतःचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडा. शिकाऊ उमेदवारांची सूचना नेहमी ‘भरती’ या सदरातच असते असं नाही, ती ‘जाहीर सूचना’ किंवा ‘निविदा व सूचना’ यातही टाकलेली असते.

तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि ही मोजणी कंत्राटी माणसं धरून होते. म्हणजे मुंबई-पुण्यासाठी झुंबड करण्याआधी तुमच्या तालुक्याच्या नगरपरिषदेच्या आस्थापना विभागात जाऊन ‘यंदा शिकाऊ उमेदवार घेणार का’ असं लेखी विचारा. जिल्ह्यातलं मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र, ज्याला सगळे बीटीआरआय म्हणतात, ते बहुधा सरकारी आयटीआयच्या आवारातच असतं. कोणत्या आस्थापनेत कोणत्या ट्रेडच्या जागा रिकाम्या आहेत हे तिथल्या माणसांना माहीत असतं. फोनवर नीट उत्तर मिळत नाही. प्रत्यक्ष जा.

अर्ज अडण्याचं कारण बहुतेक वेळा नावातलं असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गळालेलं. या तिन्हींत एकच नाव, एकच क्रम आणि एकच जन्मतारीख करून घ्या. आधार बँक खात्याला जोडलेलं हवं. दुसरं कारण म्हणजे आधी एखाद्या कंपनीत सुरू करून अर्धवट सोडलेला करार. तो पोर्टलवर रीतसर बंद झाला नसेल तर नवा करार होत नाही. जुन्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून तो रद्द करून घ्या, दाद लागली नाही तर बीटीआरआयमध्ये अर्ज द्या.

आणि करार पोर्टलवर नोंदला जाईपर्यंत ‘उद्यापासून या, कागद नंतर करू’ याला होकार देऊ नका. नोंदणीआधीचे दिवस प्रशिक्षणात धरले जात नाहीत. प्रशिक्षणात इजा झाली तर कायद्यानं भरपाईची जबाबदारी आस्थापनेवर आहे, पण त्यासाठी तुम्ही तिथले शिकाऊ उमेदवार होतात हे कागदावर दिसलं पाहिजे.

प्रश्न : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मी नगरपालिकेत काम केलं. ते अप्रेंटिसशिप म्हणून चालेल का? — एक वाचक, जळगाव

चालणार नाही. ती राज्याची २०२४ ची वेगळी योजना आहे, तिची नोंदणी महास्वयम् पोर्टलवर होते आणि सुरुवातीला तिची मुदत सहा महिन्यांची होती. तिथे मिळतं ते कार्य प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. जाहिरातीत ‘राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र’ मागितलं असेल तर त्या जागी हे जोडू नका, अर्ज बाद होईल. अनुभव म्हणून ते धरायचं की नाही हे त्या त्या जाहिरातीवर.

प्रश्न : जलशुद्धीकरण केंद्रात पंप ऑपरेटरचा शिकाऊ उमेदवार आहे. चार महिने झाडलोट आणि दर तासाला रीडिंग लिहिणं यापलीकडे काही शिकवत नाहीत. — एक वाचक, सांगली जिल्हा

झाडलोटीबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. रीडिंगबद्दल मात्र तुमचं मत बदलावं अशी मनापासून इच्छा आहे, कारण पंपघरातलं निम्मं शिक्षण त्या तक्त्यातच आहे.

ॲम्पिअर आणि डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा, दाब हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला शिका. नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपावर दाब पडला आणि ॲम्पिअर चढले, तर पुढे कुठेतरी लाइन फुटली असण्याचा संशय घ्या. अडथळा गेला, पाणी जास्त वाहू लागलं, मोटरवर भार आला. दाब चढला आणि ॲम्पिअर उतरले, तर पुढचा व्हॉल्व्ह कुणीतरी आवळला आहे. दोन्ही उतरले, काटे थरथरतात आणि पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येतो, तर सक्शनकडे, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, बघा : विहिरीची पातळी खाली गेली, जाळी तुंबली किंवा कुठून तरी हवा शिरते. हे आकडे महिनाभर स्वतःच्या वहीत उतरवा, आणि ज्या दिवशी काही बिघडलं त्या दिवसाभोवती खूण करा.

मग ग्लँड. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं पॅकिंग थोडं ठिबकलंच पाहिजे. साधारण मिनिटाला ४० ते ६० थेंब. ते पाणी पॅकिंगला थंड ठेवतं. नवीन माणूस ठिबक दिसली की नट आवळतो, ठिबक थांबते, थोड्या वेळात ग्लँड हाताला चटका देते आणि महिन्याभरात शाफ्टच्या स्लीव्हवर खाचा पडतात. पॅकिंग बदलताना जुन्या सगळ्या रिंगा काढा, मोजा, लँटर्न रिंग (पॅकिंगच्या मधे पाणी पोचवणारी रिंग) कितव्या जागी होती ते लिहून ठेवा. नव्या रिंगांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका, ९० अंशांनी फिरवत बसवा. दोन्ही नट सारखे आवळा, आधी हातानंच. पुढच्या वेळी मेकॅनिक हे काम करायला येईल तेव्हा रिंगा काढून द्यायला तुम्ही पुढे व्हा. मागून मिळत नाही ते शिक्षण असं हाताखाली राहून मिळतं.

पंप सुरू करताना प्रायमिंग झालंय का, म्हणजे पंप आणि सक्शनचा पाइप पाण्यानं भरलाय का, हे पाहणं, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू करणं आणि वेग आल्यावर व्हॉल्व्ह सावकाश उघडणं. बंद करताना उलट, आधी व्हॉल्व्ह सावकाश बंद, मग मोटर. घाईनं बंद केलेल्या व्हॉल्व्हचा पाणतडाखा मैलभर पुढचा जोडही उखडू शकतो. स्टार-डेल्टा स्टार्टर, ओव्हरलोड रिले, एक फेज गेल्यावर मोटर वाचवणारं प्रिव्हेंटर, मेगरनं इन्सुलेशन तपासणं, हे सगळं तोंडी परीक्षेत विचारतात. पाण्यात शिल्लक मुक्त क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर राहायला हवं. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचा पिवळा रंग पाहून ते ओळखायची सवय करा.

क्लोरीनच्या खोलीत मात्र एकट्यानं पाऊल टाकू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो. गळतीचा वास आला तर वाऱ्याच्या उलट दिशेनं आणि उंचावर जायचं, श्वसनयंत्र घातलेल्या प्रशिक्षित माणसालाच आत जाऊ द्यायचं. ड्रेनेज खात्यात नेमलेल्या मुलांनाही हेच सांगणं आहे. मॅनहोलमध्ये उतरायला कुणी सांगितलं तर साफ नकार द्या. हायड्रोजन सल्फाइड जास्त असलं की आधी नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस जातो. धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे.

आता तक्रारीचं. ट्रेडचा अभ्यासक्रम छापून घ्या. त्यातली कोणती कामं अजून दाखवली नाहीत यांची यादी करून केंद्राच्या अभियंत्याला नम्रपणे अर्ज द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर त्याच अर्जाची प्रत बीटीआरआयला. रोजच्या कामाच्या दैनंदिनीवर दर शनिवारी सही करून घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम पन्नास पानांवर सह्या मागायला गेलात तर कुणी करत नाही.

प्रश्न : दोन महापालिकांच्या परीक्षेत गुण पुरेसे होते, पण कागदपत्र पडताळणीत बाद झालो. — एक वाचक, अमरावती

कारण तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून नेहमी चूक होते त्या जागा सांगतो. शैक्षणिक अर्हतेची ओळ शब्दशः वाचा. ‘आयटीआय तारतंत्री’ मागितलं असताना विद्युत पदविका असलेला उमेदवार, माझं शिक्षण तर वरचं आहे, म्हणून अर्ज भरतो आणि बाद होतो. वरची अर्हता खालच्या अर्हतेच्या जागी चालते असं नियमात लिहिलेलं नसेल तर ती चालत नाही. विजेच्या पदांना तारतंत्री परवाना मागतात, तो विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीतल्या अनुज्ञापक मंडळाकडून आधीच काढून ठेवा. सगळ्या अर्हता अर्जाच्या शेवटच्या तारखेला हातात असाव्या लागतात, निकालाच्या दिवशी नव्हे.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. जाहिरात एप्रिलमध्ये आली की सेतू केंद्रात रांग लागते, त्यामुळे प्रमाणपत्रावरची मुदत आधीच तपासून ठेवा. अनुभवाच्या दाखल्यावर पद, कामाचं स्वरूप, तारखेपासून तारखेपर्यंतचा काळ आणि जावक क्रमांक हवा. ‘उत्तम काम केले’ एवढ्यावर भागत नाही. शिकाऊ उमेदवारीचा काळ अनुभवात धरतात का, हे जाहिरातीत नसेल तर मदतकक्षाला ई-मेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापनही लागतं. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो.

वयाची वरची मर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं. तांत्रिक पदांच्या अनेक जाहिरातींत १०० प्रश्नांना २०० गुण असतात आणि किमान ४५ टक्के मिळवावे लागतात. मुलाखत नसते.

प्रश्न : मुलीला नळ कारागीर व्हायचंय. पालिकेत बायकांना घेतात का? — एक आई, पिंपरी

घेतात. सरळसेवेत महिलांसाठी ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण आहे, आणि तांत्रिक पदांना पुरेशा मुली अर्जच करत नाहीत म्हणून त्या जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषांना जातात. तुमच्या शहरात तर महापालिकेची स्वतःची आयटीआय मोरवाडीत आहे आणि मुलींची कासारवाडीत. दोन्हीकडे यंदा कोणते ट्रेड आहेत ते प्रवेश सुरू होण्याआधी जाऊन बघा. प्रवेश राज्याच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतूनच होतो. विकल्प भरताना हवा तो ट्रेड पहिला टाका, कारण पहिला विकल्प मिळाला की तो घ्यावाच लागतो.

प्रश्न : पाणी खात्यात ठेकेदाराकडे लावून देतो, नंतर कायम होईल, म्हणून एक जण दोन लाख मागतो. द्यावेत का? — एक वाचक, ठाणे जिल्हा

देऊ नका. कायम पदाची जाहिरात निघते, परीक्षा होते, निवड यादी संकेतस्थळावर लागते. दुसरा रस्ता नाही. पैसे मागणारा पालिकेचा कर्मचारी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. बाहेरचा एजंट असेल तर पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. त्याचे मेसेज पुसू नका.

ठेकेदाराकडचं काम पैसे न देता मिळत असेल आणि घराला गरज असेल तर जरूर करा. पहिल्या महिन्यातच नेमणुकीचं पत्र, यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा) क्रमांक आणि विम्याचा क्रमांक मागा. भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक दर महिन्याला मोबाइलवर उघडून रक्कम जमा होते का ते पाहा, कारण ठेका बदलला की जुना ठेकेदार सापडत नाही. पगार थकला तर पालिकेच्या संबंधित कार्यकारी अभियंत्याला लेखी द्या, ठेकेदारानं न दिलेल्या वेतनाची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे पालिकेवर, येते. हजेरीपटाच्या पानाचा फोटो दर महिनाअखेरीस काढून ठेवा.