वाचकांचे प्रश्न : दूध फाटणे वेगळे, जमणे वेगळे

प्रश्न : घरी पनीर मी वर्षानुवर्षे करते. नातवंडे सुट्टीत येणार म्हणून या वेळी पिझ्झावरचे मोझरेला करायचे ठरवले. दूध टिकाऊ खोक्यातले वापरले. लिंबूसत्त्व घातले, दूध जमवणारे विकर म्हणजे रेनेट घातले, तासभर वाट पाहिली. पण दूध घट्ट न जमता भिजवलेल्या रव्यासारखे झाले आणि गरम पाण्यात टाकून ओढले तेव्हा तार निघाली नाही. शेवटी ते पराठ्याच्या सारणात गेले. माझे काय चुकले? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपला हात चुकलेला नाही, दूध चुकले आहे. पनीर करताना आपण जवळजवळ उकळत्या दुधात आंबट घालून ते फाडतो, आणि फाटण्यासाठी कोणतेही दूध चालते. रेनेटचे काम निराळे आहे. दुधातील केसीन या प्रथिनाच्या कणांवर केसाळ अस्तर असते, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेट हे अस्तर छाटते, कण एकमेकांना धरतात आणि दूध कवडीदार दह्यासारखे, परंतु आंबट न होता, सलग जमते. टिकाऊ खोक्यातील दूध काही सेकंद 135 अंशांच्या वर तापवलेले असते. त्या उष्णतेने निवळीतील (दूध जमल्यावर सुटणाऱ्या पाण्यातील) प्रथिने याच अस्तराला जाऊन चिकटतात, रेनेटला नीट छाटणी करता येत नाही आणि जे कण मोकळे होतात त्यांची जाळीही घट्ट विणली जात नाही. आपल्याला दिसला तो रवा म्हणजे ही अर्धवट जाळी.

येथे आपल्याकडची एक सवय आड येते. पिशवी कापली की दूध गॅसवर, हे आपल्या हातांना इतके सवयीचे आहे की चीजसाठी आणलेले दूधही आपण न कळत उकळून ठेवतो आणि खोक्यातील दुधाचेच दुखणे थोड्या प्रमाणात घरी ओढवून घेतो. पिशवीतील दूध कारखान्यात पाश्चरीकृत झालेले असते, म्हणजे साधारणतः 72 अंशांवर 15 सेकंद तापवलेले असते. चीजसाठी ते पुन्हा उकळू नये. रतीबाचे सुटे दूध मात्र कच्चे असते आणि कच्च्या दुधातून क्षय व ब्रुसेलोसिससारखे आजार पसरू शकतात, म्हणून ते 63 अंशांवर सलग 30 मिनिटे धरून, लगेच थंड पाण्यात भांडे ठेवून निववावे. पिशवीवर दूध ‘होमोजिनाइज्ड’ (स्निग्धांश बारीक फोडून एकजीव केलेले) असल्याचा उल्लेख असेल, तर शक्यतो दुसरे घ्यावे, कारण त्याची कवडी, म्हणजे जमलेला घट्ट भाग, लेची पडते.

आता कृती. 4 लिटर थंड दुधात सपाट दीड चहाचा चमचा लिंबूसत्त्व कपभर पाण्यात विरघळवून, ढवळत घालावे. म्हशीच्या दुधाला थोडे अधिक लागते, कारण ते आंबटपणा सहज चढू देत नाही. तरीही मोझरेलाला म्हशीचे दूध कमी दर्जाचे समजू नये. इटलीतील कांपानिया भागातील नावाजलेले मोझरेला म्हशीच्याच दुधाचे असते आणि त्या नावाला 1996 पासून युरोपीय संघाचे संरक्षण आहे. दूध मंद आचेवर 32 अंशांपर्यंत आणावे. रेनेट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, उकळून गार केलेल्या पाव कप पाण्यात मिसळून घालावे (नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्याला मारते), अर्धा मिनिट ढवळावे आणि मग भांड्याला हात लावू नये. पुन्हा पुन्हा झाकण काढून हलवून पाहण्याचा मोह येथे नुकसान करतो.

दहा मिनिटांनी सुरी तिरकी खुपसून हळूच उचलावी. कवडी सरळ रेषेत फाटली आणि भेगेत पिवळसर-हिरवट, स्वच्छ निवळी साचली तर दूध तयार आहे. निवळी दुधाळ असेल तर आणखी पाच-दहा मिनिटे थांबावे. मग साधारण एक इंचाचे चौकोन कापून, अगदी हलक्या हाताने ढवळत 40 अंशांपर्यंत तापवावे आणि निवळी गाळावी. सगळा गोळा गरम पाण्यात टाकण्याआधी लिंबाएवढा तुकडा 80 अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवून ओढून पाहावा. पुरणपोळीच्या कणकेसारखा तो चकाकत लांबला तर उरलेला गोळा तसाच मळावा. तुटला तर बहुधा आंबटपणा कमी पडला आहे. आंबटपणा केसीनमधील कॅल्शियम काही प्रमाणात सोडवतो, तेव्हाच तार निघते. फार सुटले तर पनीरसारखा भुगा होतो. ही मधली जागा पहिल्याच खेपेला साधली नाही तर त्यात नवल नाही.

माझे मत विचाराल तर मोझरेलाआधी सुरतेच्या आणि पारशी घरांतील टोपली पनीर करून पाहावे. तेही रेनेटनेच जमते, मऊ वड्या टोपलीत निथळतात आणि खारट निवळीत ठेवल्या जातात. ओढण्याची भानगड नसल्याने दूध नीट जमणे म्हणजे काय ते त्यातून स्वच्छ कळते.

प्रश्न : रेनेट वासराच्या पोटातून काढतात असे ऐकले. शाकाहारी घरात ते चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून मिळते, हे खरे. आज बुरशीपासून केलेले रेनेटही सहज मिळते. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून घ्यावे. पपईचा किंवा अंजिराचा चीकही दूध जमवतो, परंतु त्याने चवीत कडवटपणा येतो.

प्रश्न : चेडार घरी मुरवता येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चेडार हे मुरवून केलेले घट्ट चीज. त्याला महिनोन्‌महिने 10 ते 13 अंश तापमान आणि ओलसर हवा लागते. घरचा फ्रीज त्याहून थंड आणि कोरडा, तर कोकणातील खोली फार उष्ण. वेगळा फ्रीज आणि तापमान-नियंत्रक घेण्याची तयारी नसेल तर यात पडू नये. ताज्या चीजवर समाधान मानावे आणि उरलेल्या निवळीत पोळ्यांची कणीक भिजवावी. पोळ्या मऊ होतात.