नाताळच्या सुट्टीत मुंबई: हॉटेल कुलाब्यात घ्यावं, दादरला की अंधेरीला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून चौघं येताय. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. २४ डिसेंबरच्या सकाळी पोचायचं, २७ च्या रात्री परतीची गाडी. एका रात्रीला आठेक हजार खर्च चालेल. कुलाबा महाग दिसतोय, अंधेरीत त्याच पैशांत मोठी खोली मिळतेय. कुठे राहावं?

मी फोर्टमधल्या एका मध्यम हॉटेलात अकरा वर्षं रिसेप्शनला होतो. अकराही नाताळ काउंटरमागे उभं राहून काढले. तेव्हा पाहिलेलं सांगतो. लोक हॉटेल निवडतात फोटो बघून, पण त्यांची सुट्टी बरी जाते की वाईट हे ठरतं दिवसाच्या दोन वेळांना: सकाळी सातला गाडीतून सामान घेऊन उतरल्यावर आणि रात्री दहा-अकराला पाय दुखत असताना परततानाच्या वेळी. या दोन वेळा ज्या हॉटेलात सोप्या जातील ते तुमचं हॉटेल. मधल्या वेळात तुम्ही खोलीत नसताच.

आधी सकाळ. विदर्भ एक्सप्रेससारखी गाडी तुम्हाला सीएसएमटीला सकाळीच आणून सोडते, आणि बहुतेक हॉटेलांचं चेक-इन दुपारी बाराला किंवा दोनला. सुट्टी नसते तेव्हा रिकामी खोली असली तर आम्ही सकाळीच किल्ली देत असू. २४-२५ डिसेंबरला रिकामी खोलीच नसते. रात्रीचे पाहुणे अकरा वाजता निघणार, मग खोली साफ होणार. रात्रभर गाडीत बसून आलेल्या, गुडघे धरलेल्या बाईला पाच तास लॉबीतल्या सोफ्यावर बसवणं म्हणजे पहिला दिवस गेला. त्यावर तीन उपाय आहेत. फोर्ट आणि दादरच्या काही जुन्या हॉटेलांत चोवीस तासांचं चेक-आउट असतं, म्हणजे तुम्ही आठला आलात तर तुमचा दिवस आठला सुरू. फोनवर एवढा एकच प्रश्न विचारला तरी चालतो. दुसरा उपाय म्हणजे २३ ची रात्रही बुक करायची. पैसे जास्त जातात, पण खोली तयार असते. मात्र ‘आम्ही २४ च्या सकाळी येतोय’ हे लेखी कळवा, नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून ती खोली दुसऱ्याला जाते. तिसरा म्हणजे रेल्वेची रिटायरिंग रूम. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन मिळते. आंघोळ आणि दोन तास आडवं होण्यापुरती ती पुरेशी आहे, पण सुट्टीत लवकर भरते.

आता मला आजही टोचणारी गोष्ट. एका २५ डिसेंबरला सकाळी साडेसहाला अकोल्याचं एक कुटुंब आलं. बुकिंग वेबसाइटवरून केलेलं, पैसे हॉटेलवर द्यायचे होते. आमच्याकडे खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतलेली होती. सुट्टीत काही लोक येत नाहीत, त्या हिशोबाने घेतात. त्या दिवशी सगळेच आले. शेवटची खोली आदल्या रात्री गेली होती. आजोबा काठी टेकून दोन तास बॅगेवर बसून राहिले आणि मग आम्ही त्यांना दुसरीकडच्या एका लॉजवर हलवलं. मी त्यांना ‘सिस्टमचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलं. ते खरं नव्हतं.

अशा वेळी कोणाला हलवायचं हे काउंटरवरचा माणूसच ठरवतो. ज्याने आगाऊ पैसे भरलेले नाहीत, जो एकाच रात्रीसाठी येतोय आणि ज्याने एकदाही फोन केलेला नाही, त्याचं नाव सगळ्यात आधी कटतं. ज्यांनी दोन दिवस आधी फोन करून ‘चौघं आहोत, सोबत वयस्कर बाई आहेत, इतक्या वाजता पोचतो’ असं सांगितलं होतं, त्यांना आम्ही कधीही हलवलं नाही. तेव्हा बुकिंग कुठूनही करा, पण २२ तारखेला हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन करा, बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि त्याच्याकडून मेसेजवर होकार मागून घ्या.

आता रात्र, म्हणजेच जागा.

तुमच्यासाठी मी फोर्ट किंवा चर्चगेटचा भाग सांगेन. सीएसएमटीहून सामान घेऊन टॅक्सीत बसलात की दहा मिनिटांत पोचता. म्युझियम, काळा घोडा, गेटवे, मरीन ड्राइव्ह, सगळं जवळ. सासूबाईंना चालवत नसेल तर काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये घेते, आणि तिथली बरीच अंतरं त्याच्या आसपासचीच आहेत. दुपारी जेवून तासभर खोलीवर येऊन पडता येतं. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना मला याहून मोठी सोय दिसत नाही. अंधेरीहून आलेलं कुटुंब दुपारी परत जाऊ शकत नाही. ते दिवसभर रस्त्यावरच असतं आणि चारनंतर कोणाचं तरी कोणाशी तरी वाजतं. फोर्टची उणीव एवढीच की कचेऱ्या बंद झाल्या की रस्ते सुनसान होतात आणि बऱ्याच खानावळी लवकर मिटतात, म्हणून जेवून परता.

कुलाब्यात राहायचं तर कॉजवेच्या आतल्या गल्लीतल्या गेस्ट हाउसबद्दल एक प्रश्न नक्की विचारा: लिफ्ट तळमजल्यापासून आहे का? जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच दहा-बारा पायऱ्या असतात, कधी लिफ्टच नसते, आणि फोटोत ते दिसत नाही. दुसरा प्रश्न खिडकीचा. ‘खिडकी आहे का’ असं विचारू नका, ‘खिडकी कुठे उघडते’ असं विचारा. डक्टमध्ये उघडणारी खिडकीसुद्धा खिडकीच म्हणून खपवतात. मॅडम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाउस कुटुंबांसाठी चांगलं आहे, तिथे आधी चौकशी करा.

दादर माझ्या मते दुसऱ्या क्रमांकावर. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे हाताशी, मराठी जेवणाची चंगळ. सासूबाईंना थालीपीठ हवं झालं तर आस्वाद हे उपाहारगृह तिथेच आहे. पण डिसेंबर म्हणजे लग्नसराई. हॉटेलाच्या खाली किंवा शेजारी कार्यालय असेल तर बँडचा आवाज तुमच्या खोलीत येणार. हे बुकिंगच्या आधी विचारायचं असतं, नंतर नाही.

अंधेरी स्वस्त का मिळतेय तेही सांगतो. विमानतळाजवळची आणि बीकेसीकडची (वांद्रे-कुर्ला संकुल) हॉटेलं कामासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर चालतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेच पाहुणे सुट्टीवर जातात. म्हणजे स्वस्त आहे म्हणून खोली वाईट असं अजिबात नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. मरोळ नाक्याहून सीएसएमटीला किंवा हुतात्मा चौकाला यायला पाऊण तास धरा. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, लोकलसारखी रेटारेटी नाही. तुम्ही दोघंच असता तर मी बिनधास्त अंधेरी सांगितली असती. विमानाने येणाऱ्यांनाही तेच सांगेन. पण तिथलं हॉटेल घेतलंत तर मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांत असलेलंच घ्या. नकाशावरच्या दोन किलोमीटरला संध्याकाळी सातला किती वेळ लागेल हे मुंबईकरही सांगत नाही. आणि रिक्षा उपनगरांतच मिळते, वांद्रे-सायनच्या पुढे शहराकडे ती येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पैशांचा एक हिशोब नीट समजून घ्या, कारण तुमचं बजेट नेमकं त्या रेषेवर आहे. सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. तुम्ही चौघांसाठी ८,००० ची एक फॅमिली रूम घेतलीत तर १,४४० कर धरून ९,४४० होतात. त्याच हॉटेलात ४,००० च्या दोन खोल्या घेतल्यात तर कर ४०० आणि एकूण ८,४००. रात्रीमागे १,०४० रुपये वाचतात आणि बाथरूम दोन मिळतात. साइटवर पहिल्यांदा दिसणारा आकडा बहुतेक वेळा कराविना असतो, म्हणून तुलना शेवटच्या पानावरच्या रकमेची करा. दोन खोल्या घ्याल तेव्हा ‘एकाच मजल्यावर, शेजारी-शेजारी’ हे बुकिंगमध्ये लिहून घ्या.

तुमचं रेल्वे तिकीट अजून वेटिंगवर असेल तर परतावा न मिळणारी खोली घेऊ नका, ती दोन-तीनशेंनी स्वस्त पडत असली तरी. सुट्टीतलं वेटिंग कन्फर्म होईल या भरवशावर लोक पूर्ण पैसे घालवून बसलेले मी पाहिलेत. रद्द करता येणारी खोली आधी धरून ठेवा, तिकीट पक्कं झालं की मग हवं तर बदला.

रिव्ह्यू वाचताना सरासरी तारे बघू नका. मागच्या डिसेंबरचे रिव्ह्यू शोधा आणि त्यांत पाणी, लिफ्ट, आवाज हे तीन शब्द बघा. हॉटेल पूर्ण भरलेलं असताना सकाळी आठला गरम पाणी पुरतं का, हे जुलैत राहिलेला माणूस सांगू शकत नाही.

कोणी ३१ साठी बुकिंग करत असेल तर दोनच गोष्टी. काही हॉटेलं त्या रात्री गाला डिनर सक्तीचं करून माणशी वेगळे पैसे लावतात, ते आधी विचारा. आणि गेटवे, मरीन ड्राइव्हकडचे रस्ते त्या रात्री पोलीस वाहनांना बंद करतात, तेव्हा टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत येईलच असं नाही.

बघायच्या जागांचे वार तपासूनच दिवस लावा: एलिफंटा सोमवारी बंद, राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) बुधवारी बंद. एलिफंटाला शंभरावर पायऱ्या आहेत, सासूबाईंना डोली करावी लागेल. २४ ला मात्र दुपारभर त्यांना झोपू द्या. रात्री हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलची रोषणाई बघा. १७१८ सालचं चर्च आहे, आणि फोर्टातल्या हॉटेलातून टॅक्सीने पाच-सात मिनिटांवर.