दुकानातलं टॅली घरून: पोर्ट उघडू नका, फक्त स्क्रीन घरी आणा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या तापकीर गल्लीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, काउंटरवर एकच कॉम्प्युटर, त्यावर विंडोज ११ होम आणि टॅलीप्राइम सिल्व्हर, म्हणजे हिशेबाच्या टॅलीची एका मशीनपुरती आवृत्ती. घर धायरीला. रात्री घरून खरेदीची बिलं चढवायची आहेत, दिवसा उधारी आणि स्टॉक बघायचा आहे. नेटवर्कचं काम बघणारा माणूस राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा दरवाजा, उघडून देतो म्हणतोय.

तो पोर्ट उघडू देऊ नका. ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा (दुसरीकडून मशीन चालवण्याच्या सोयीचा) ठरलेला पोर्ट आहे आणि तो हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात. सापडला की युजरनेम-पासवर्ड लावून बघणं सुरू होतं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आत शिरण्याच्या नेहमीच्या वाटांपैकी ही एक. ३३८९ चा ३३९० केला तरी काही वाचत नाही, कारण चाळणारे सगळेच पोर्ट चाळतात. शिवाय होम आवृत्तीत बाहेरच्याला आत घेणारा रिमोट डेस्कटॉप नसतोच, त्याला विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होमवर तो चालू करणारे जुगाड मिळतात, पण ते लायसन्समध्ये बसत नाहीत आणि एखाद्या अपडेटनंतर बंदही पडतात. आणखी एक गोष्ट तपासा: राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा वेळी पोर्ट उघडला तरी बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचत नाही, तुम्हीही नाही.

टॅलीचं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये टाकून दोन्हीकडे उघडणं, हा दुसरा सल्लाही सर्रास दिला जातो. तोही नको. टॅली एक एंट्री अनेक फाइलींत लिहितं. सिंक त्यातल्या दोन आधी उचलतं आणि तिसरी मागे राहते, मग डेटा रिपेअर करत बसावं लागतं. ड्राइव्हवर बॅकअपची फाइल ठेवा, चालू डेटा कधीच नाही.

म्हणजे डेटा आणि लायसन्स दुकानातल्या मशीनवरच राहू दे, घरी फक्त त्याची स्क्रीन दिसू दे. तुमच्यासाठी गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप पुरेसं आहे. ते होमवर चालतं, फुकट आहे, पोर्ट उघडावा लागत नाही आणि वर सांगितलेल्या वाटलेल्या आयपीचीही अडचण येत नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर या अशाच दुसऱ्या प्रोग्रामांची फुकट आवृत्ती फक्त खासगी वापरासाठी आहे. धंद्यासाठी वापरताय असा संशय आला की ऐन कामात कनेक्शन तुटतं.

दुकानासाठी वेगळं गूगल खातं काढा, त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खातरजमा) लावा, आणि ते काउंटरवरच्या कोणाच्याही फोनमध्ये टाकू नका. दुकानातल्या क्रोममध्ये त्या खात्याने लॉगिन करून रिमोट अॅक्सेस चालू करा. कमीत कमी सहा आकडी पिन मागतं. दुकानाचा फोन नंबर किंवा जन्मसाल त्यात नको. घरच्या लॅपटॉपवर त्याच खात्याने उघडलं की मशीनचं नाव दिसतं. काम फुल स्क्रीनमध्येच करा, नाहीतर कंट्रोल-एन दाबल्यावर टॅलीचा कॅल्क्युलेटर येण्याऐवजी ब्राउझरची नवी खिडकी उघडते.

यात माउस मात्र एकच असतो. तुम्ही घरून हलवलात की काउंटरवरही तोच हलतो, आणि तुम्ही उघडलेला ताळेबंद दुकानातल्या मॉनिटरवर दिसतो. म्हणून एंट्रीचं काम दुपारी एक ते चार दुकान बंद असताना किंवा रात्री, मॉनिटरचं बटण बंद करून. दिवसा उधारी-स्टॉक बघायला टॅलीची ब्राउझरमधून रिपोर्ट बघण्याची सोय वापरा. त्यासाठी टीएसएस (टॅलीची वर्गणी) चालू हवं, टॅली डॉट नेट आयडी, म्हणजे टॅलीचं ऑनलाइन लॉगिन हवं आणि दुकानातल्या टॅलीत तुमची कंपनी उघडी, कनेक्ट केलेली हवी. बिलिंग करणाऱ्या मुलाला त्याचा अडथळा होत नाही.

आता बहुतेक वेळा गाडी जिथे अडते ते, म्हणजे वीज. शटर ओढताना मेन स्विच पाडायची सवय असते. मेन पडला की सगळं संपलं. कॉम्प्युटर आणि राउटरची लाइन इलेक्ट्रिशियनकडून वेगळ्या एमसीबीवर घ्या, बाकीचं खुशाल बंद करा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला बॅकअप हवा. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवून उपयोग नाही. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज तासन्तास जाते, ६०० व्हीएचा यूपीएस तेवढा टिकत नाही. तो वाजू लागला की काउंटरवरच्याने टॅली बंद करायचं, हे त्याला शिकवून ठेवा. घरून काम झालं की तुम्हीही टॅली बंद करूनच बाहेर पडा, मग रात्री वीज गेली तरी अर्धवट लिहिलेला डेटा मागे राहत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते पॉवर ऑन करा. विंडोजमध्ये स्लीप 'नेव्हर' करा आणि अपडेटचे अॅक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही) जास्तीत जास्त, म्हणजे १८ तास ठेवा.

पुढे दोघांना एकाच वेळी एंट्री करायची झाली तर हा मार्ग पुरणार नाही. साध्या विंडोज प्रोचा रिमोट डेस्कटॉपही त्याला कामाचा नाही, कारण बाहेरून कोणी आत आलं की काउंटरवरची स्क्रीन लॉक होते. तेव्हा टॅलीचं मल्टी-युजर गोल्ड लागेल. रिमोट सेशनमध्ये लायसन्स चालतं का, हे विक्रेत्याकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्या. प्रो वापरलंच तर ते टेलस्केलसारख्या व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त तुमच्याच मशीन्सच्या खासगी जाळ्याच्या, आतून वापरा. त्यात दुकानातल्या मशीनची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा, नाहीतर ठरलेले १८० दिवस संपले की ते मशीन गायब होतं. 'रन अनअटेंडेड'ही चालू करा, म्हणजे विंडोजमध्ये कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी व्हीपीएन चालू राहतं. जीएसटीचा डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी) दुकानात लावलेला असेल तर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमधून तो दिसत नाही. क्रोम रिमोटमधून दिसतो, कारण तिथे दुकानातलीच स्क्रीन चालू असते.

आणि कोणी फोन करून 'सपोर्टमधून बोलतोय, एनीडेस्कचा नंबर सांगा' म्हणालं तर सांगू नका, हे काउंटरवर लिहून चिकटवा.

हे सगळं जमलं का ते दुकानात बसूनच बघा. घरचा लॅपटॉप दुकानाच्या वायफायला न जोडता मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोजचा पासवर्ड मागणारी स्क्रीन लॅपटॉपवर येते का पाहा. मग विंडोज नीट शट डाउन करा, वायर काढा, दहा सेकंदांनी लावा. बटण न दाबता मशीन उठलं आणि लॅपटॉपवर पुन्हा दिसलं की धायरीला जायला हरकत नाही.