घरचं ब्रॉडबँड बदलताना प्लॅनच्या दराशिवाय आणखी काय खर्च येतो?

४९९ चा प्लॅन १८% जीएसटी धरून ५८९ ला पडतो, हे तर झालंच. खरी मेख आगाऊ भरलेल्या पैशांत आणि डिपॉझिटमध्ये असते. माझा जुना प्लॅन सहा महिन्यांचा होता. दोन महिने उरले होते, ते बुडाले. राउटर परत दिला, पण त्याचा अडॅप्टर माळ्यावर कुठेतरी पडलेला, म्हणून डिपॉझिट अडकलं. राउटर न्यायला माणूस आला की पोचपावती घ्याच, निदान सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. 'फ्री इन्स्टॉलेशन' बहुतेकदा लांब मुदतीच्या प्लॅनवरच मिळतं. जुनं कनेक्शन लगेच तोडू नका, आठवडाभर दोन्ही चालू राहू द्या. घरून काम असेल तर तेवढा भुर्दंड परवडतो. आणि वायफायचं नाव-पासवर्ड जुनंच ठेवा, टीव्ही-कॅमेरे पुन्हा जोडायची कटकट वाचते.